बसलेल्या गाद्या आणि सरांचा हात

अलिझा नदाफला एका फटक्यात ‘हो’ म्हणायची सवयच नव्हती. पाणी आण म्हटलं तरी आधी ‘कुणाला?’ असं विचारायची आणि मग उठायची. तिची आई अख्तरबानू सांगायची, ही पोटात होती तेव्हासुद्धा डॉक्टरांनी दिलेली तारीख हिनं मानली नव्हती. पोरीच्या जातीला असा स्वभाव बरा नव्हे, असं नातेवाइकांत जे जे म्हणाले त्यांना अलिझानं ‘का?’ एवढंच विचारलं. धड उत्तर कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे स्वभाव होता तसाच राहिला.

तिचे वडील हुसेनभाई याच्या अगदी उलट. बुधवार पेठेच्या मागच्या अंगाला एका गल्लीत त्यांचं गाद्यांचं दुकान, आणि दुकानामागेच घर. दुकान म्हणजे पुढे ओटा, आत कापूस पिंजायचं यंत्र, आणि बाकी सगळा कापूस. पंख्यावर कापूस, देवाच्या नावाच्या तसबिरीवर कापूस, हुसेनभाईंच्या भुवयांवर कापूस. नारायण पेठ, शनिवार पेठ या भागातली कितीतरी घरं याच दुकानातल्या गाद्यांवर लहानाची मोठी झाली. आता लोक फोमच्या गाद्या घेतात. तरी जुन्या पेठांमधून कापसाच्या गाद्या अजून पिंजायला येतात, कारण अस्सल पुणेकराला जुनी गादी टाकून देणं जिवावर येतं. आणि गादी देताना तो चार शब्द सुनावल्याशिवाय देत नाही. ‘मागच्या वेळी कापूस कमी भरला होतात, या वेळी आमचा आम्हालाच परत मिळू दे,’ असं काहीतरी. हुसेनभाई म्हणायचे, “बरोबर आहे आपलं.” वयानं मोठ्या माणसापुढे त्यांची मान खाली, आणि शिकलेल्या माणसापुढे त्याहून खाली. अलिझाला याचा मनस्वी राग यायचा. बापावर जीव होता म्हणूनच जास्त यायचा.

या दुकानात ती वाढली. शाळेतून आली की ओट्यावर बसून अभ्यास करायची आणि अभ्यासापेक्षा गाद्याच जास्त बघायची. वापरून वापरून चपटी झालेली गादी ‘बसली’ असं म्हणतात. अशी गादी उसवली की आतला कापूस सगळीकडे सारखा नसतो. माणूस झोपतो तिथे तो दाबून दाबून भाकरीसारखा घट्ट झालेला असतो, आणि बाजूला मऊच राहिलेला असतो. दमेकऱ्याच्या गादीला एकाच टोकाला खोल खळगा, कारण तो बिचारा बसूनच झोपणार. भिंतीला चिकटून झोपणाऱ्या पोराची गादी एका कडेला खचलेली. एकदा एका वयस्क जोडप्याची मोठी गादी आली. दोन बाजूंना दोन खळगे आणि मधे चांगला उंचवटा, दोन भावांच्या शेतात बांध असतो तसा. तो उंचवटा त्या दोघांनी कित्येक वर्षांत ओलांडला नव्हता. अलिझा तेव्हा नववीत होती. तिनं वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं ती गादी काढली, आणि तेव्हापासून ती गाद्याच काढत राहिली.

बारावी झाली आणि तिनं घरात जाहीर केलं की आपण कला महाविद्यालयात जाणार. तिला जिथे जायचं होतं तिथे नुसत्या मार्कांवर प्रवेश मिळत नाही. पोर्टफोलिओ लागतो. म्हणजे आपल्या कामांचा एक संच करायचा, त्याला एक विषय धरायचा, तो विषय निरनिराळ्या माध्यमांतून मांडायचा, आणि मुलाखतीला तो सगळा संच पॅनेलपुढे पसरून उत्तरं द्यायची. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नाही मिळाली तर मुकाट्यानं बी.कॉम. करायचं आणि मामूंच्या कचेरीत बसायचं, अशी घरात बोली झाली. अलिझानं ती मान्य केली, कारण नाही मिळाली तर काय हा विचार तिनं केलाच नव्हता.

पोर्टफोलिओ करायचा तर क्लास हवा, आणि क्लास म्हटला की नारायण पेठेतले रंगनाथ सर. दुसऱ्या मजल्यावर मोठी खोली, खिडकीत कुंड्या, अंगात खादीचा झब्बा. सरांच्या हातात कला होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हात एकच होता, आणि तो सगळ्यांच्या कागदांवर फिरायचा. मुलाखती जवळ आल्या की प्रत्येक मुलानं आपला संच सरांपुढे ठेवायचा. सर पांढरी शाई आणि सोनेरी रंग घेऊन बसत. इथे एक चमक, तिथे एक कमान, डोळ्यांत एक ठिपका. क्लासात याला ‘सरांचा हात’ म्हणत. आईवडील पेढे घेऊन येत आणि हात जोडून उभे राहत. याला लबाडी म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. गुरूचा आशीर्वाद रंगात बुडवून मिळत असेल तर नको कोण म्हणणार?

विषय ठरवायच्या दिवशी सरांनी एकेकाला विचारलं. पूर्वा नावाची अलिझाची मैत्रीण म्हणाली, “स्त्री आणि निसर्ग.” सर म्हणाले, छान. मग ते अलिझाकडे वळले.

“तुला शोधायची गरजच नाही. तुझ्याकडे आयताच विषय आहे. जाळ्या, कमानी, उर्दू अक्षरं, बुरख्यातले डोळे. पॅनेल वेडं होईल.”

“मला उर्दू लिहिता येत नाही, सर.”

“मग शीक की. आठवड्यात येईल.”

“संस्कृत येतं. दहावीला शंभरपैकी शंभर होते. संस्कृतात काढू का कमानी?”

वर्ग हसला. रंगनाथ सर स्वतः तिरकस बोलण्यात कुणाला ऐकायचे नाहीत, पण दुसऱ्यानं तिरकस बोललेलं त्यांना खपत नसे. “मग आपणच सांगा, बाईसाहेब. काय काढणार आपण?”

“गाद्या.”

“काय?”

“बसलेल्या गाद्या. वापरून दबलेल्या.”

“उत्तम,” सर म्हणाले. “पॅनेलला बसल्या बसल्या झोप लागेल.”

आता वर्ग पुन्हा हसला, आणि पहिल्यापेक्षा जोरात. अलिझाची कानशिलं तापली. राग आलाच, पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. आपल्या घरात रोज उसवलं जातं, पिंजलं जातं, ते या माणसाला दिसतच नाही आणि जे आपल्या घरात कधी नव्हतं ते मात्र दिसतं, हे तिला फार लागलं. घरी येताना तिनं ठरवून टाकलं की विषय हाच, आणि या संचाला सरांचा हात लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी तसं तिनं सरांना तोंडावर सांगितलंही. सर म्हणाले, “तुझी मर्जी. बुडालीस तर क्लासचं नाव मात्र सांगू नकोस.”

मग सगळा उन्हाळा ती ओट्यावर राबली. गादी उसवणारे बापाचे हात तिनं कोळशानं काढले. जुन्या गादीच्या कापडाला काळी शाई लावून ते कागदावर दाबलं, तेव्हा कापडाची वीण आणि टाक्यांचे खड्डे जसेच्या तसे उमटले. दमेकऱ्याच्या गादीतल्या खळग्यावर पातळ प्लास्टिक अंथरून तिनं त्यात प्लास्टर ओतलं. वाळल्यावर खळग्याचा उंचवटा होऊन बाहेर आला, आणि कुणीतरी पाठमोरं बसलंय असं वाटायला लागलं. अख्तरबानूनं त्यावर ओढणी टाकून ठेवली. म्हणाली, येता-जाता दचकायला होतं.

पण तिचं खरं काम म्हणजे दोऱ्याचं चित्र. पट्ट्यापट्ट्यांच्या जुन्या कापडावर तिनं दाभण आणि गादीचाच जाड दोरा घेऊन ती जोडप्याची गादी शिवून काढली. दोन खळगे, मधे उंचवटा. रंग नाही, रेघ नाही, नुसते टाके. बोटांना भोकं पडली. हुसेनभाई येता-जाता बघायचे आणि अस्वस्थ व्हायचे.

“लोकांच्या गादीतलं असं चव्हाट्यावर मांडू नये, बेटा.”

“नाव कुणाचंच लिहिलेलं नाही, अब्बा.”

“तरी.”

“तरी काय? मी सगळं बघून गप्प बसले असते, तर चाललं असतं का?”

हुसेनभाई पुन्हा कापूस पिंजायला लागले. त्यांच्या मते, चाललं असतं.

मुलाखतीला दोन दिवस राहिले होते. अलिझा आईबरोबर मावशीकडे कॅम्पात गेली, दुपारी परत आली, तर कपाटावरचा संच जागेवर नाही. तिनं सगळं घर धुंडाळलं. तेवढ्यात दुकानापुढे स्कूटर थांबली. हुसेनभाई पाठीमागे चादरीत गुंडाळलेलं मोठं बोचकं बांधून आले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ईदचा आनंद होता.

“झालं बघ काम! सर आधी नको म्हणत होते. पोरगी नाही म्हणालीय म्हणाले. मी म्हटलं, पोरीचं काय ऐकता, आपण उस्ताद. मग स्वतः बसले की, समोर. सगळ्या मोठ्या कामांवर हात फिरवला. मी सावरीच्या कापसाची एक उशी नेली होती त्यांना.”

हुसेनभाईंनी हे का केलं, ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर माणूस उगीच वाईट ठरेल. ते तरुणपणी ज्या उस्तादांकडे काम शिकले, त्यांच्या दुकानात एक रीत होती. गादी कुणीही भरो, कुणीही शिवो, शेवटचा टाका उस्ताद घालणार. तो घातल्याशिवाय गादी दुकानाबाहेर जायची नाही. उस्ताद वारल्यावर हुसेनभाईंनी पहिल्यांदा स्वतः शेवटचा टाका घातला तेव्हा ते दोऱ्याला गाठ मारता मारता रडले होते. उस्तादाचा हात न लागलेलं काम त्यांना उघडं वाटे. आपली मुलगी असं उघडं काम घेऊन मोठमोठ्या लोकांपुढे जाणार, या काळजीनं त्यांना चार रात्री झोप नव्हती.

अलिझानं चादर सोडली. कोळशानं काढलेल्या हातांच्या नखांवर पांढरी चमक आली होती. हुसेनभाईंची नखं आयुष्यात कधी चमकली नव्हती. प्लास्टरच्या पाठीला सोनेरी कडा होत्या. आणि दोऱ्याच्या चित्रात दोन खळग्यांवर एक झकास सोनेरी कमान उभी होती, आणि उंचवट्याच्या बरोबर मधोमध काजळ घातलेले दोन डोळे. शेवटी सरांनी आपले ते बुरख्यातले डोळे तिथे आणून बसवलेच होते.

ती हमसून हमसून रडली. हुसेनभाई घाबरले. “बिघडलं का काही? मला तर चांगलं दिसतंय, बेटा.”

तेच तर होतं. चांगलं दिसत होतं. कॅलेंडरवर शोभलं असतं.

अख्तरबानू एरवी नवऱ्याला चारचौघांत काही बोलत नसे. त्या दिवशी दुकानात कामगार होता तरी बोलली. “अहो, उस्ताद तुमचे होते. हिचे नव्हते.” हुसेनभाई ओट्यावर जाऊन बसले. त्यांना बसायलाही जागा अपुरी पडल्यासारखं वाटत होतं.

अलिझानं पूर्वाला फोन केला. पूर्वा म्हणाली, “सोड ना यार. सगळ्यांचंच असतं. फिनिशिंग तर आहे फक्त. पॅनेलला काय कळणार?”

“त्यांना कळो न कळो. मला कळतंय ना.”

“मग काय करशील? दोन दिवसांत सगळं परत?”

सगळं परत होणार नव्हतं. रंग कापडात शिरला होता. ही कामं वगळून जायचं तर हातात उरत होते दोन छापे आणि चार रेखाटनं, तेवढ्यावर कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं. आणि आहे तसंच घेऊन गेलं, तर सगळं सुरळीत होणार होतं. प्रवेशही बहुतेक मिळणार होता. अलिझाला सगळ्यात जास्त संताप याचा आला की सोपा रस्ता इतका गुळगुळीत करून तिच्यापुढे टाकलेला होता.

तिनं डोळे पुसले, दाभण उचललं आणि काळा दोरा ओवला. जिथे जिथे सरांचा हात लागला होता, तिथे तिथे त्याच्याभोवती तिनं जाड, ओबडधोबड टाके घालायला सुरुवात केली. कमानीभोवती टाके. दोन्ही डोळ्यांभोवती टाके. कोळशाच्या चित्रात प्रत्येक चमकत्या नखाभोवती टाके, कागद फाटू नये म्हणून श्वास रोखून. प्लास्टरमधून सुई जाईना, तिथे दोरा गोंदानं चिकटवला. पोलिसांनी जागा आखून घ्यावी तसं तिनं सगळं आखून घेतलं. हुसेनभाई लांबून बघत होते. दोरा संपला तेव्हा त्यांनी नवं रीळ तिच्याकडे सरकवलं.

मुलाखतीला टेबलामागे तिघं होते. मधे पिकल्या केसांच्या एक बाई. त्यांनी दोऱ्याचं चित्र बराच वेळ पाहिलं.

“हे काळे टाके कसले?”

“त्यांच्या आत जे आहे ते माझं नाही, मॅडम.”

“मग कुणाचं आहे?”

“ज्यांचं आहे त्यांनी सांगावं. मी नाव घेणार नाही.”

शेजारचे गृहस्थ पुढे झुकले. “दुसऱ्याचं काम घेऊन तू प्रवेश मागायला आलीस?”

“घेऊन नाही आले, सर. दाखवून द्यायला आले. माझ्या कामावर ते माझ्या नकळत झालं. पुसता येत नव्हतं, म्हणून वेगळं काढलं.”

“मग तुझं काय उरलं यात?”

“टाक्यांच्या बाहेरचं सगळं. आणि टाके.”

बाईंनी प्लास्टरचा तुकडा उचलून हातात फिरवला. “हा सोनेरी रंग सकाळपासून बराच बघितला आम्ही,” त्या शेजारच्यांना म्हणाल्या. मग अलिझाला विचारलं, “हे असं सांगून प्रवेश गेला तर?”

“तर तो मी घालवलेला असेल, मॅडम. ते चालेल मला.”

तिनं संच गोळा करून पुन्हा चादरीत बांधला.

तिच्या मागोमाग पूर्वा आत गेली आणि बऱ्याच वेळानं लाल डोळ्यांनी बाहेर आली. “मला विचारलं, यात तुझं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं ते दाखव. मला सांगताच येईना, अलिझा. मला खरंच आठवेना. तुझ्यामुळे विचारलं त्यांनी.” आणि ती रडत जिना उतरून गेली. अलिझाला फार वाईट वाटलं. आपण चुकलो असं मात्र तिला वाटलं नाही. उन्हाळाभर राबून मुलीला स्वतःची रेघ ओळखू येऊ नये, याचा तिला नव्यानं संताप आला.

यादी लागली. अलिझाचं नाव होतं. पूर्वाचं प्रतीक्षा यादीत होतं. हुसेनभाईंनी गल्लीत मिठाई वाटली, आणि नवरा-बायकोनं कुणाला दिसणार नाहीत असे डोळे पुसले.

आणि त्याच आठवड्यात नारायण पेठेतल्या चौकात फ्लेक्स झळकला. वरती रंगनाथ सर, हात बांधून, कमरेपासून वर. ‘सरांच्या मार्गदर्शनाखाली घवघवीत यश!’ खाली विद्यार्थ्यांचे चेहरे, आणि बरोबर मधे अलिझा. क्लासच्या ओळखपत्रावरचाच फोटो. खाली लिहिलेलं: अलिझा नदाफ, ‘बसलेल्या गाद्या’.

तिनं सरांना फोन केला. “सर, माझा फोटो काढा.”

“अगं वेडे, लोक पैसे देऊन स्वतःचे फोटो लावतात चौकात.”

“मी दिलेले नाहीत. काढा.”

“बघू,” सर म्हणाले. पुण्यात ‘बघू’चा अर्थ काय होतो ते सांगायला नको. चार दिवसांनीही अलिझा चौकात हसतच होती.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं दुकानातली कापड कापायची मोठी कात्री घेतली. हुसेनभाईंनी विचारलं, कुठे निघालीस? तिनं सांगितलं. आता ते म्हणणार, राहू दे बेटा, मोठा माणूस आहे. आणि त्यावर आपण काय म्हणायचं, तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. हुसेनभाईंनी यंत्र बंद केलं. माळ्याला लावलेली शिडी काढून खांद्यावर घेतली.

“ती शिडी एकटीला धरून चढता येत नाही,” ते म्हणाले. “चल.”

चौकात शिडी लागली तशी माणसं थांबली. समोरच्या दुकानातले काका गल्ल्यावरूनच ओरडले, “ओ, परवानगी आहे का?”

“फ्लेक्सला आहे का?” अलिझानं वरून विचारलं. काका पुन्हा पेपर वाचायला लागले.

कात्री फ्लेक्समध्ये कचकन शिरली. वरची बाजू कापून झाली, डावी झाली, तेवढ्यात कुणीतरी सांगितल्यामुळे रंगनाथ सर जिना उतरून धावत आले. “अलिझा! खाली उतर आधी. अगं, तुझंच कौतुक लावलंय तिथे!”

“माझं आहे ना? मग नेतेय.”

लोक हसले. सरांचा चेहरा लालबुंद झाला. ते शिडीजवळ आले, आणि खाली उभ्या हुसेनभाईंना एकदम मऊ आवाजात म्हणाले, “हुसेनभाई, तुम्ही समंजस माणूस. तुम्ही तरी सांगा तिला.”

हुसेनभाईंनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरलेली होती. ती त्यांनी सोडली नाही.

“सर,” ते म्हणाले, “शिडी हलेल. जरा बाजूला व्हा.”